अध्यक्षांचा सभात्याग

विधान परिषदेतले विरोधी पक्षाचे आमदार कमळाकर शिगवण यांना दोन गोष्टी फार चांगल्या येत. प्रश्न विचारणं, आणि मिळालेल्या उत्तरानं समाधान न होणं. तिसरी गोष्ट, म्हणजे सत्ता, त्यांना उभ्या आयुष्यात एकाच ठिकाणी मिळाली होती. भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकमध्ये, त्यांच्याच 'सागरसाक्षी' सोसायटीत ते अध्यक्ष होते. कधीपासून, असं विचारायची तिथं पद्धत नव्हती. कमिटीची मुदत संपली तेव्हा करोना होता. पुढे करोना गेला, कमिटी राहिली.

सभागृहात मात्र उत्तरदायित्व म्हटलं की शिगवण, आणि निवडणुका म्हटलं की शिगवण. महापालिकेत प्रशासक येऊन बसलाय, नगरसेवक नावाचा प्राणी दिसेनासा झालाय, गटार तुंबलं तर लोकांनी कोणाच्या नावानं शिमगा करायचा, हा सवाल त्यांनी इतक्या वेळा आणि इतक्या कळकळीनं केला होता की ते उभे राहिले की सत्ताधारी बाकावरची मंडळी निश्चिंत मनानं चहाला जात. कळकळ खरी होती, त्यात काही खोट नव्हती. पण पक्ष त्यांना वेळ देई तो कामकाज संपता संपता. तेव्हा पत्रकार गॅलरीत एखादाच वार्ताहर उरलेला असे, तोही बॅग आवरत.

आणि या अधिवेशनात नशीब उघडलं. गटनेत्यांचा घसा बसला. मंगळवारची अल्पकालीन चर्चा, विषय 'रखडलेल्या निवडणुका व प्रशासनाचे उत्तरदायित्व', आणि सुरुवात करणार शिगवण. भर दुपारी. भरलेल्या सभागृहात. कॅमेऱ्यांसमोर.

चर्चेला अजून दहाबारा दिवस होते, तेव्हा लॉबीत सत्ताधारी पक्षाचे निकेत राऊत भेटले. वयानं कोवळे, घोडबंदर रोडला राहणारे, अत्तर लावून कामकाजात भाग घेणारे.

"दादा, अभिनंदन. यंदा ओपनिंगला तुम्ही!"

"आभारी आहे."

"मी तुमच्या भाषणात अडथळा आणणार नाही हां. मधेच फक्त एक माहितीचा मुद्दा विचारीन. आपल्या बिल्डिंगची शेवटची निवडणूक कधी झाली?" एवढं बोलून निकेतराव हसले आणि आपलं अत्तर मागे ठेवून पुढे गेले.

कमळाकररावांना पुढचं सगळं दिसलं. निकेत हे विचारणार, सगळं सभागृह खो खो हसणार, संध्याकाळी टीव्हीवर तेवढंच दाखवणार. गटनेत्यांचा घसा काही दर अधिवेशनात बसत नाही. पुन्हा अशी संधी कुठली यायला!

घरी येऊन त्यांनी बायकोला, मंदाताईंना, सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. नवऱ्याची भाषणं आधी त्यांच्या स्वयंपाकघरात होत आणि मग विधान भवनात.

"अहो, मग घ्या की निवडणूक," त्या म्हणाल्या.

हे त्यांना सुचलं नव्हतं. निवडणुका घ्या असं दुसऱ्याला सांगायची सवय असलेल्या माणसाला ते पटकन सुचत नाही.

सोसायटीचे सेक्रेटरी जितेशभाई यांनी मार्ग काढला. "साहेब, टेन्शन काय घेता? चर्चेच्या आधीच्या रविवारी मीटिंग लावू. जेवढ्या जागा तेवढी नावं. बिनविरोध! हात वर, समोसा, पती गयु!" आणि 'पती गयु', म्हणजे काम संपलं, हे किती सोपं ते दाखवायला त्यांनी तळहातावर तळहात झटकला.

"बिनविरोध नको," कमळाकरराव घाईनं म्हणाले.

त्याचं कारण होतं. मागच्याच अधिवेशनात ग्रामपंचायतींच्या बिनविरोध निवडींवर त्यांनी तोफ डागली होती. 'बिनविरोध निवडणूक म्हणजे न झालेली निवडणूक, सभापती महोदय!' तेव्हा समोरच्या बाकांवरून हशा आणि टाळ्या दोन्ही आल्या होत्या, कारण खुद्द शिगवण परिषदेवर दोन्ही वेळा बिनविरोध आले होते. आता सोसायटीतही तेच केलं तर निकेतला आयतं कोलीत.

"म्हणजे समोर कुणीतरी उभा पाहिजे," ते म्हणाले. "आणि पडला पाहिजे. थोडक्यात पडला तर उत्तम."

"साहेब, पडायला कोण उभा राहतो?" जितेशभाईंनी विचारलं. प्रश्न व्यवहारी होता.

अशा रीतीनं, हयात विरोधात घालवलेले कमळाकर शिगवण स्वतःसाठी एक विरोधक शोधायला बाहेर पडले.

दुसऱ्या मजल्यावरच्या झांनी त्यांना बसवलं, सरबत दिलं, आणि उमेदवारीचं नाव काढताच पाण्याचा ठसका लागल्यासारखं केलं. "सर, आपके खिलाफ? मेरी तो गाडी गेट के पास लगती है. कल से कहाँ लगाऊँगा?"

"अहो झाजी, मैं खुद बोल रहा हूँ ना!"

"वही तो डर है सर."

तिसऱ्या मजल्यावर भाविकाबेन म्हणाल्या, "भाई, मिस्टर को पूछना पड़ेगा."

"पूछो ना."

"और मिस्टर बोलेंगे, पहले कमळाकरभाई को पूछ के आ."

चौथ्या मजल्यावर रायगडकडचं एक तरुण जोडपं होतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "सर, आम्ही तुम्हाला घाबरत नाही अजिबात," त्यातला मुलगा म्हणाला. कमळाकररावांचा चेहरा उजळला. "पण आम्ही इथं भाड्यानं राहतो."

ते घरी येऊन सोफ्यावर कोसळले. "काय दिवस आलेत! एक विरोधक मिळू नये?"

"मी राहू उभी?" मंदाताईंनी विचारलं.

ते मोठ्यानं हसले. मंदाताई हसल्या नाहीत. "मग सातव्या मजल्यावर जा," त्या म्हणाल्या. "जिजाबाई रोज जिना चढताना तुमच्या नावानं जे बोलतात ना, ते ऐकलंत तर तुमचा शोध संपेल."

जिजाबाईंची गोष्ट अशी होती. सागरसाक्षी उभी होती ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची. बिल्डरनं मोबदल्यात घर दिलं, तेही सातव्या मजल्यावर, म्हातारीला खाडी दिसावी म्हणून. खाडी दिसायची. वर जायचं कसं, एवढाच प्रश्न होता. लिफ्ट पाचव्या मजल्यापर्यंत नीट जायची आणि तिथं थांबायची. दुरुस्ती विचाराधीन होती. पाचव्या मजल्यावर अध्यक्ष राहत असल्यामुळे विचाराला घाई नव्हती.

कमळाकरराव दोन मजले चढून, धापा टाकत दारात उभे राहिले. जिजाबाई पाटावर बसून बोंबील साफ करत होत्या.

"ये, ये आमदार! वर हवा चांगली हाय न्हाय? पन येताना दम लागतो."

"मावशी, तुम्ही माझ्याविरुद्ध उभ्या राहाल?"

विळीवरचा हात थांबला. "पडायला का निवडून याया?"

"लोकशाहीसाठी," कमळाकरराव म्हणाले. खोटं बोलायचं नसलं की ते मोठा शब्द वापरत.

"राह्यते. पन मना तुमच्यासारखं बोलाया न्हाय येत."

इथं त्यांच्यातला कार्यकर्ता जागा झाला. एखाद्या उस्तादाला गळा असलेली शिष्या सापडावी तसं त्यांचं झालं. त्यांनी स्टूल ओढलं आणि शिकवणी सुरू केली. पुढचे चार दिवस ते संध्याकाळी दोन मजले चढत होते.

"पहिली गोष्ट, प्रश्न छोटा विचारायचा. 'कधी?' एवढाच. मोठा विचारला की उत्तरात पळायला वाट मिळते."

"बरं."

"समोरचा म्हणाला, माहिती घेऊन सांगतो, तर विचारायचं, कोणाकडून घेणार? आणि उत्तर काहीही आलं तरी म्हणायचं, माझं समाधान झालेलं नाही."

"आनी झालं असंल तर?"

"तरी नाही म्हणायचं, मावशी! विरोधी पक्षाचं समाधान झालं की तो संपला."

"शेवटाला काय करायचं?"

"शेवटी निषेध करून बाहेर पडायचं. सभात्याग! ताठ मानेनं निघायचं, मागे वळून बघायचं नाही. बाहेर पडलेला माणूस तो विषय संपेपर्यंत आत येत नाही. काही लोक हळूच परत येऊन बसतात, ते विरोधक नव्हेत, ते पाहुणे."

"बाजारान गिऱ्हाईक असाच जातं," उभा जन्म मासळी विकलेल्या जिजाबाई म्हणाल्या. "आमी हाक मारली का परत येतं."

"नाही यायचं!" कमळाकरराव म्हणाले.

रविवारी संध्याकाळी तळमजल्यावरच्या पार्किंगमध्ये गाड्या बाहेर काढून खुर्च्या मांडल्या. निवडणूक अधिकारी म्हणून शेजारच्या बिल्डिंगमधले निवृत्त गृहस्थ राघो तांडेल येऊन बसले होते. समोसे वाटेत होते. कमळाकरराव अध्यक्षस्थानी, पांढऱ्या कुर्त्यात. मतदानाआधी थोडा वेळ प्रश्नोत्तरांसाठी ठेवावा, असं त्यांनीच सुचवलं होतं. पुढे सभागृहात सांगायला बरं.

जिजाबाई उभ्या राहिल्या. "अध्यक्ष, लिफ्ट सातव्याला कवा जानार?"

छोटा प्रश्न. कमळाकररावांना गुरूला शिष्येचा वाटावा तसा अभिमान वाटला. ते खाकरले. "सदर बाब विचाराधीन आहे."

"कवापास्न?"

"त्याची माहिती घेऊन सांगतो."

"कोनाकडून घेशील? अध्यक्ष तर तूच हायस!"

खुर्च्यांमधून हशा आला. झांनी हसू दाबलं आणि गेटजवळच्या आपल्या गाडीकडे पाहिलं. कमळाकररावांना मात्र काहीतरी वेगळंच व्हायला लागलं होतं. कानशिलं तापत होती. 'माहिती घेऊन सांगतो' हे वाक्य त्यांनी आजवर शेकडो वेळा ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती. आता ते त्यांच्या अगदी जवळून आलं होतं. कोण बोललं याचा हिशेब रक्ताला ठेवता येत नाही.

"माझं समादान झालेलं न्हाय!" जिजाबाई गरजल्या.

"आपल्या भावना लक्षात घेतल्या आहेत," कमळाकरराव म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण भाषा कुठल्यातरी राज्यमंत्र्याची. "योग्य वेळी योग्य ती कार्यवाही केली जाईल."

"म्हंजी न्हाय करनार!" जिजाबाईंनी पिशवी उचलली. "असल्या उत्तराचा मी निषेध करते! आमी चाललो!"

खुर्ची धाडकन मागे पडली. ती जिजाबाईंची नव्हती.

"निषेध असो!" कमळाकर शिगवण ओरडले. मूठ हवेत गेली होती. "बेजबाबदार उत्तराचा निषेध असो! लोकशाहीची थट्टा बंद करा!" आणि अध्यक्षस्थान सोडून, रजिस्टर, पाण्याची बाटली आणि थक्क झालेल्या जितेशभाईंना ओलांडून, ताठ मानेनं, मागे वळून न बघता, ते पार्किंगमधून बाहेर पडले. सभात्यागात ते नेहमी सर्वांच्या पुढे असत. आजही होते.

मागे कोणी नव्हतं, इतकाच फरक. जिजाबाई उठल्या होत्या खऱ्या, पण तेवढ्यात समोसे आले आणि त्या पुन्हा बसल्या.

गेटपाशी कमळाकरराव सवयीनं थांबले. विधान भवनाच्या पायऱ्यांवर थांबलं की माइक पुढे येतात. इथं एक पाण्याचा टँकर आला आणि त्यातून एक मुंडकं. "अंकल, टाकी का वॉल्व किधर है?"

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, आपण कुणाचा निषेध केला आणि कुणाची सभा सोडली.

परत जाता आलं असतं. वीस पावलांवर तर होती खुर्ची. पण बाहेर पडलेला माणूस विषय संपेपर्यंत आत येत नाही, असं त्यांनी कालच सांगितलं होतं आणि सांगितलं होतं तेही ज्यांना, त्या आत पहिल्या रांगेत बसल्या होत्या. आत पाहुणा म्हणून जायचं? त्यांनी टँकरवाल्याला वॉल्व दाखवला आणि पाणी भरेपर्यंत पाइपकडे बघत उभे राहिले. आतून राघो तांडेलांचा आवाज येत होता, मग खुर्च्या सरकल्याचा, मग बराच वेळ कसलाच नाही, आणि मग टाळ्यांचा.

मंदाताई बाहेर आल्या. हातात कागदावर समोसा होता.

"झालं?" कमळाकररावांनी विचारलं.

"झालं. अध्यक्ष नसले तर हजर सभासदांतून कुणीतरी बसा, असं तांडेल म्हणाले. झा बसले."

"झा?"

"खुर्ची रिकामी बघितली आणि भीतीच गेली त्यांची. सगळ्यांचीच गेली म्हणा. हात वर झाले. अध्यक्षपदी जिजाबाई."

"थोडक्यात पडलो का?"

"नाही," मंदाताई म्हणाल्या. बोलताना त्या फार मवाळ नसत.

कमळाकररावांनी समोशाचा कोपरा मोडला आणि तसाच धरून ठेवला. एका घराला एक मत असतं, हे त्यांना आठवलं. "आपल्या घराचं मत वाया गेलं."

"वाया कसं जाईल? तुम्ही बाहेर होतात. मी दिलं."

"कुणाला?"

"इतकी वर्षं तुमचं भाषण ऐकतेय," मंदाताई म्हणाल्या. "पटलं मला."

कमळाकररावांनी हातातला समोशाचा कोपरा तोंडात टाकला.

अंधार पडायच्या आत जितेशभाई घरी आले. त्यांनी दार लावून घेतलं. "साहेब, कुछ नहीं हुआ. अध्यक्ष उठला म्हणजे सभा तहकूब. मी मिनिट्स तशीच लिहितो. झाजी गाडीचं सांगितलं की गप्प बसतील. इलेक्शन झालंच नाही. तुम्ही चेअरमन होता, चेअरमन आहात."

कमळाकरराव सोफ्यावर टेकले. तहकूब. काय गोड शब्द आहे! आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडी ऐकला, तेव्हा इतका गोड असेल असं कधी वाटलं नाही. एक शब्द लिहायचा आणि रविवार झालाच नाही. पडणं नाही, चारचौघांत हसं नाही. सोसायटीच्या खालच्या खोलीवर त्यांच्या जनसंपर्क कार्यालयाचा बोर्ड होता, तोही जागचा हलणार नाही. मंगळवारी निकेतनं विचारलंच तर सांगता येईल, निवडणुकीची प्रक्रिया सुरू आहे.

'प्रक्रिया सुरू आहे.' त्यांनी वाक्य मनात म्हणून पाहिलं. परिषदेत तीन वर्षं हेच तर ऐकत आलो.

"मग पुढची सभा कधी घ्यायची?" त्यांनी विचारलं.

"घेऊ ना साहेब. योग्य वेळी."

कमळाकररावांनी जितेशभाईंकडे पाहिलं. जितेशभाईंना वाटलं, आपल्या शर्टावर चटणी सांडलीय.

"जितेशभाई, लिहा. अध्यक्षांनी सभात्याग केला."

"ऐसा कोई लिखता है क्या साहेब? कारण काय लिहू?"

"अध्यक्षांनी दिलेल्या उत्तरानं अध्यक्षांचं समाधान झालं नाही."

सोमवारी सकाळी ते स्वतः सातव्या मजल्यावर जाऊन खोलीची किल्ली देऊन आले. जिजाबाईंनी किल्ली कनवटीला लावली. "रागावलास का रे?"

"नाही मावशी."

"मंग बोर्ड आजच काढून ने. दुपारी लिफ्टवाला येतो हाय, त्याचं सामान ठेवाया जागा लागंल."

"इतक्यात बोलावला?"

"मी न्हाय बोलावला. त्याच्या दुकानापुढं जाऊन बसले सकाळीच. गिऱ्हाईकं बघाया लागली तसा हालला."

मंगळवारी दुपारी विधान परिषद भरलेली होती. कमळाकरराव उभे राहिले. पाचएक वाक्यं झाली असतील नसतील, तोच निकेत राऊत उठले. अत्तर सभापतींपर्यंत पोचलं असावं.

"सभापती महोदय, माहितीचा मुद्दा. सन्माननीय सदस्य निवडणुकांवर बोलतायत, छान आहे. पण ते ज्या सोसायटीचे तहहयात अध्यक्ष आहेत, तिथं निवडणूक कधी घेणार आहेत?"

समोरच्या बाकांनी बाकं वाजवली. हशा तयार होता, फक्त उत्तर यायचं बाकी होतं.

"सभापती महोदय," कमळाकरराव म्हणाले, "परवा झाली."

हशा थोडा अडखळला. "निकाल?" कुणीतरी ओरडलं.

"पडलो."

सभागृहात अशी शांतता कमळाकररावांनी कधी ऐकली नव्हती. समोरच्यांची चूक नव्हती. या सभागृहात कोणत्या उत्तरावर काय ओरडायचं ते ठरलेलं असतं, आणि या उत्तरासाठी काहीच ठरलेलं नव्हतं.

"मासळी विकून घर चालवलेल्या एका बाईंनी मला पाडलं. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं मला उत्तर देता आलं नाही. देण्यासारखं नव्हतंच. आणि सभापती महोदय, मी पडलो तरी सोसायटी जागेवर आहे. संध्याकाळी टँकर आला. पोरं खाली क्रिकेट खेळली. जी लिफ्ट माझ्या मजल्यावर येऊन थांबायची, ती काल दोन मजले वर गेली. पडल्यावर होतं काय, ते मी स्वतः बघून आलोय. फारसं काही होत नाही. मग तीन वर्षं हे सरकार घाबरतंय कशाला, एवढंच मला विचारायचंय."

पत्रकार गॅलरीत माना खाली गेल्या आणि पेनं चालू लागली. वेळ संपल्याची घंटा वाजली. सभापतींनी ती वाजवलीही आणि हातानं 'चालू द्या' असंही केलं. चहाला गेलेला एक सत्ताधारी सदस्य दारातून डोकावला आणि तिथंच उभा राहिला.

संध्याकाळी विधान भवनाच्या उपाहारगृहात कमळाकरराव एकटेच चहा घेत होते. समोरची खुर्ची सरकली. आधी अत्तर आलं, मग निकेत राऊत.

"दादा, चांगलं बोललात."

"आभारी आहे."

निकेतरावांनी आवाज खाली आणला. "एक विचारू? आमच्या घोडबंदरच्या कॉम्प्लेक्सला मीच चेअरमन आहे. मुदत कधीच संपली. आज तुमचं भाषण बघून आमच्या ग्रुपवर 'निवडणूक घ्या' म्हणून मेसेज सुरू झालेत. बायकोनं तर चक्क अंगठा टाकलाय. निवडणूक घ्यायला माझी ना नाही हो, पण समोर कुणी उभंच राहत नाही. तुम्हाला हे पडायचं नेमकं जमलं कसं?"

कमळाकररावांनी चहात साखर घातली, ढवळली आणि चमचा बशीत ठेवला.

"ते असं एकदम नाही जमत, निकेतराव," ते म्हणाले. "आधी बरीच वर्षं विरोधात बसावं लागतं."

निकेतरावांनी दचकून मागच्या टेबलाकडे पाहिलं, आपल्या पक्षातल्या कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.